एकाच राउटरवर तीन व्हीआरएफ: राउट-टार्गेट दिले, तरी एकाचे राउट दुसऱ्यात दिसत नाहीत

जाळेकरी (प्रश्न)

शाखेत सिस्कोचा आयओएस-एक्सई राउटर आहे, एकच. एमपीएलएस नाही, पलीकडे दुसरा राउटरही नाही. तीन व्हीआरएफ (एकाच राउटरमधली स्वतंत्र राउटिंग टेबलं) केले आहेत.

कार्यालय: राउटर १०.१०.०.१/३०, समोर डिस्ट्रिब्यूशन स्विच १०.१०.०.२. स्विचमागे १०.१०.०.० मधले बरेच /२४. मध्ये ओएसपीएफ (राउटर आणि स्विच एकमेकांना राउट कळवतात तो प्रोटोकॉल), प्रोसेस १०.

कॅमेरे: १०.२०.१.०/२४, थेट इंटरफेसवर. रेकॉर्डर १०.२०.१.५०.

सेवा: १०.९९.०.०/२४, राउटर .२, फायरवॉल .१, डीएनएस आणि एनटीपी .१०. इंटरनेट याच फायरवॉलमधून, म्हणून या व्हीआरएफमध्ये ०.०.०.०/० चा स्टॅटिक राउट १०.९९.०.१ कडे.

कार्यालय आणि कॅमेरे दोघांनाही सेवा मिळायला हवी, पण दोघांनी एकमेकांना पाहायचं नाही. अपवाद एकच: सुरक्षा कक्षातला संगणक १०.१०.५.२० याला रेकॉर्डर दिसला पाहिजे.

आतापर्यंतचं कॉन्फिगरेशन:

```
व्हीआरएफ डेफिनिशन कार्यालय
 आरडी ६५०००:१०
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४
  राउट-टार्गेट एक्स्पोर्ट ६५०००:१०
  राउट-टार्गेट इम्पोर्ट ६५०००:९९
व्हीआरएफ डेफिनिशन कॅमेरे
 आरडी ६५०००:२०
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४
  राउट-टार्गेट एक्स्पोर्ट ६५०००:२०
  राउट-टार्गेट इम्पोर्ट ६५०००:९९
व्हीआरएफ डेफिनिशन सेवा
 आरडी ६५०००:९९
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४
  राउट-टार्गेट एक्स्पोर्ट ६५०००:९९
```

‘शो आयपी राउट व्हीआरएफ कार्यालय’ मध्ये १०.९९.०.० चा पत्ताच नाही. शेजारी राउटर नसताना बीजीपी (राउटरांमध्ये राउट वाटणारा प्रोटोकॉल) चालू करावा लागतो का? की तिन्हींना आरडी एकच द्यायला हवा होता?

टेबलवाचक

आरडीला (राउट-डिस्टिंग्विशर) हात लावू नका, तो वेगवेगळाच हवा. दोन व्हीआरएफमध्ये तोच प्रीफिक्स (म्हणजे तोच सबनेट) आला तर बीजीपीच्या टेबलात ते दोन वेगळे राउट राहावेत, एवढंच आरडीचं काम. कोणाचा राउट कुठे जायचा हे राउट-टार्गेट ठरवतं. दोन्ही ६५०००:१० अशाच रूपात लिहितात, त्यामुळे हा गोंधळ नेहमीचाच आहे. दोघांचे आकडे सारखे असलेच पाहिजेत असंही नाही.

मुख्य अडचण तुम्ही ओळखलीच आहे. राउट-टार्गेट हा बीजीपीच्या राउटला लागणारा शिक्का आहे. तुम्ही शिक्के कोरून ठेवलेत, पण टपालच निघालेलं नाही. शेजारी नसला तरी चालतं. राउटर स्वतःच्याच व्हीपीएनव्ही४ (आरडी जोडलेल्या राउटांच्या) टेबलात राउट टाकतो आणि तिथून बाकीच्या व्हीआरएफमध्ये उचलतो. ‘नेबर’ ची एकही ओळ लागत नाही.

```
राउटर बीजीपी ६५०००
 बीजीपी राउटर-आयडी १०.९९.०.२
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ व्हीआरएफ कार्यालय
  रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड
  रीडिस्ट्रिब्यूट ओएसपीएफ १० मॅच इंटर्नल एक्स्टर्नल १ एक्स्टर्नल २
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ व्हीआरएफ कॅमेरे
  रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ व्हीआरएफ सेवा
  रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड
  रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक
  डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट
```

यातल्या तीन ओळी लोक हमखास विसरतात. राउटर-आयडी हाताने द्या. तुमचे सगळे इंटरफेस व्हीआरएफमध्ये गेलेत, ग्लोबल टेबलात पत्ता असलेला एकही इंटरफेस उरला नसेल तर बीजीपीला आयडी सापडत नाही आणि तो गप्प बसून राहतो. ओएसपीएफच्या ओळीत ‘मॅच’ लिहिलं नाही तर फक्त अंतर्गत राउट येतात. स्विचवर काही रीडिस्ट्रिब्यूट होत असेल तर ते एक्स्टर्नल राउट मागेच राहतात. आणि ‘रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक’ ने बाकी स्टॅटिक येतात, पण ०.०.०.०/० येत नाही, त्यासाठी ‘डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट’ वेगळं द्यावं लागतं.

दुसरी चूक अशी की सेवा या व्हीआरएफमध्ये एकही इम्पोर्ट नाही. वरचं केलंत की कार्यालयाचं पॅकेट १०.९९.०.१० पर्यंत पोचेल, उत्तर राउटरपर्यंत येईल आणि तिथे १०.१०.५.० कुठे आहे हे सेवाला माहीत नसल्यामुळे डिफॉल्ट राउटने फायरवॉलकडे निघून जाईल. म्हणून सेवामध्ये:

```
  राउट-टार्गेट इम्पोर्ट ६५०००:१०
  राउट-टार्गेट इम्पोर्ट ६५०००:२०
```

आता शंका येईल की सेवाला दोघांचे राउट मिळाले, मग सेवामार्फत कॅमेऱ्यांचे राउट कार्यालयात जातील का? नाही जाणार. इम्पोर्ट होऊन आलेला राउट पुढे पुन्हा एक्स्पोर्ट होत नाही. तीन व्हीआरएफची ही रचना त्याच नियमावर उभी आहे.

तपासताना क्रम असा ठेवा: ‘शो व्हीआरएफ डिटेल’ मध्ये आरटी (राउट-टार्गेट) बरोबर दिसतात का, मग ‘शो बीजीपी व्हीपीएनव्ही४ युनिकास्ट व्हीआरएफ सेवा’ मध्ये मूळ राउट बीजीपीत आला का, मग तीच कमांड कार्यालयासाठी, आणि शेवटी ‘शो आयपी सेफ व्हीआरएफ कार्यालय १०.९९.०.१०’, म्हणजे पॅकेट प्रत्यक्षात कोणत्या इंटरफेसने बाहेर पडणार ते. जुन्या आयओएसमध्ये इम्पोर्टचा फेरा १५ सेकंदांनी होतो, तेव्हा कमांड दिल्या दिल्या टेबल रिकामं दिसलं तर थोडं थांबा.

दोनओळी

एवढ्यासाठी बीजीपी? कॅमेऱ्यांचा एक सबनेट, सेवांचा एक, कार्यालयाचा एक /१६. स्टॅटिकने काम होतं, उदाहरणार्थ:

```
आयपी राउट व्हीआरएफ कॅमेरे १०.९९.०.० २५५.२५५.२५५.० गिगाबिटइथरनेट०/०/२
आयपी राउट व्हीआरएफ सेवा १०.२०.१.० २५५.२५५.२५५.० गिगाबिटइथरनेट०/०/१
आयपी राउट व्हीआरएफ सेवा १०.१०.०.० २५५.२५५.०.० गिगाबिटइथरनेट०/०/० १०.१०.०.२
```

राउट एका व्हीआरएफचा, बाहेर पडायचा इंटरफेस दुसऱ्याचा. सबनेट थेट जोडलेला असेल तर नुसता इंटरफेस पुरतो. स्विचमागच्या सबनेटसाठी मात्र इंटरफेस आणि नेक्स्ट-हॉप दोन्ही द्यायचे. नुसता इंटरफेस दिला तर राउटर प्रत्येक पत्त्यासाठी त्या तारेवर एआरपी (‘हा आयपी पत्ता कोणाचा?’) विचारत बसतो. समोरच्या स्विचवर प्रॉक्सी-एआरपी चालू असेल तर सगळं ठीक वाटतं आणि ज्या दिवशी कोणी ते बंद करतं त्या दिवशी बंद पडतं.

टेबलवाचक

चालतं, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ग्लोबल आणि व्हीआरएफ यांच्यात स्टॅटिक राउट हा सिस्कोच्याच मार्गदर्शनातला मान्य रस्ता आहे. एकाच राउटरवरच्या दोन व्हीआरएफमध्ये मात्र तेच मार्गदर्शन आरटी इम्पोर्ट आणि बीजीपी वापरा असं सांगतं. अनेक मॉडेलवर स्टॅटिक व्यवस्थित चालतात, तरी बिघाड झाल्यावर कंपनीकडे तक्रार नोंदवली तर पहिलं उत्तर काय येईल ते ठरलेलं आहे.

दुसरं, इंटरफेस वर असेपर्यंत स्टॅटिक टेबलात राहतो. १०.१०.०.२ वरचा ओएसपीएफ पडला, पण तार जोडलेलीच आहे, तर सेवामधला /१६ तसाच उभा. आयपी एसएलए आणि ट्रॅक (पलीकडचं चालू आहे का ते तपासत राहणारी सोय) लावून हे सांभाळता येतं, पण मग ‘दोन ओळी’ कुठे राहिल्या?

बीजीपी अजिबात नको असेल तर ‘राउट-रेप्लिकेट’ आहे. व्हीआरएफच्या अ‍ॅड्रेस-फॅमिलीखाली ‘राउट-रेप्लिकेट फ्रॉम व्हीआरएफ सेवा युनिकास्ट कनेक्टेड’ असं लिहायचं, हवा तर राउट-मॅप जोडायचा. आलेल्या राउटपुढे टेबलात अधिकचं चिन्ह दिसतं. सगळ्या मॉडेलवर ही सोय नाही, आधी तपासून घ्या.

पॅकेटमार

राउट दिसले की काम झालं असं वाटेल, म्हणून आधीच सांगतो. ‘दोघांनी एकमेकांना पाहायचं नाही’ ही अट वरच्या कॉन्फिगरेशनने पुरी होत नाही. भोक डिफॉल्ट राउटमध्ये आहे.

कार्यालयातला कोणी १०.२०.१.५० ला पॅकेट पाठवतो. कार्यालयाच्या टेबलात १०.२०.० चं काही नाही, पण सेवाकडून आलेला ०.०.०.०/० आहे. पॅकेट १०.९९.०.१ कडे, म्हणजे फायरवॉलकडे जातं. फायरवॉलला परतीच्या वाहतुकीसाठी १०.१० आणि १०.२० हे दोन्ही राउट १०.९९.०.२ कडे दिलेले असणारच. तो पॅकेट वळवून राउटरच्या सेवा इंटरफेसवर परत टाकतो. सेवाला कॅमेऱ्यांचा राउट माहीत आहे. पॅकेट रेकॉर्डरपाशी हजर. उत्तरही याच वाटेने परत. दोन टेबलं एकमेकांना ओळखत नाहीत आणि तरीही संवाद पूर्ण!

आल्या इंटरफेसनेच पॅकेट परत पाठवणं काही फायरवॉलवर मुळातच बंद असतं, उदाहरणार्थ सिस्को एएसएवर ते मुद्दाम उघडावं लागतं. पण बऱ्याच ठिकाणी ‘आतून आत’ सगळं मोकळं असतं. फायरवॉलच्या मर्जीवर सोडू नका, राउटरवरच बूच मारा (नल० म्हणजे पॅकेट टाकून देणारा इंटरफेस):

```
आयपी राउट व्हीआरएफ कार्यालय १०.२०.०.० २५५.२५५.०.० नल०
आयपी राउट व्हीआरएफ कॅमेरे १०.१०.०.० २५५.२५५.०.० नल०
```

डिफॉल्टपेक्षा /१६ नेमका, त्यामुळे पॅकेट तिथेच संपतं. हे नल राउट बीजीपीत जाऊ देऊ नका, नाहीतर ते सेवामध्ये उगवतील. सध्या कार्यालय आणि कॅमेरे यांच्यात ‘रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक’ नाही, म्हणून ठीक. पुढे लागला तर राउट-मॅपशिवाय लावू नका.

दुसरी तक्रार तुमच्या सेवा सबनेटच्या आखणीबद्दल. सर्व्हर आणि फायरवॉल एकाच /२४ मध्ये आहेत. सर्व्हरचा गेटवे बहुधा .१ असणार. कार्यालयाचं पॅकेट राउटरकडून थेट सर्व्हरला मिळतं, सर्व्हरचं उत्तर मात्र फायरवॉलकडे जातं. फायरवॉलने पहिलं सिन (टीसीपी जोडणी सुरू करणारं पॅकेट) पाहिलेलंच नाही, थेट सिन-अ‍ॅक पाहिलं, म्हणून तो ते फेकून देतो. राउटरवर तासभर शोधलं तरी काही सापडणार नाही, कारण राउटरचं काही चुकलेलं नाही. सर्व्हरचा गेटवे १०.९९.०.२ करा, किंवा त्याहून बरं म्हणजे फायरवॉलला राउटरशी वेगळ्या /३० ने जोडा आणि तो इंटरफेसही सेवामध्येच ठेवा.

जाळेकरी

बीजीपी, दोन्ही इम्पोर्ट आणि नल राउट घातले. फायरवॉल १०.९९.१.०/३० वर वेगळा काढला, सर्व्हरचा गेटवे आता राउटर आहे. कॅमेऱ्यांना एनटीपी मिळतंय.

दोन गोष्टी अडल्या आहेत. कार्यालयाच्या स्विचवर १०.९९.०.० दिसतच नाही, राउटरच्या टेबलात मात्र आहे. आणि राउटरवरूनच ‘पिंग व्हीआरएफ कार्यालय १०.९९.०.२’ केलं तर उत्तर नाही. सुरक्षा कक्षाच्या संगणकाचंही अजून करायचं आहे.

टेबलवाचक

राउटरच्या स्वतःच्याच पत्त्याला दुसऱ्या व्हीआरएफमधून पिंग करणं ही चाचणीच सोडून द्या. लीक होतो, म्हणजे एका व्हीआरएफमधून दुसऱ्यात जातो, तो सबनेटचा राउट. १०.९९.०.२ हा पत्ता ‘माझा आहे’ हे राउटरला सेवाच्या टेबलातच ठाऊक असतं, कार्यालयाच्या टेबलात नाही. पॅकेट स्वीकारायचं की १०.९९.०.० च्या तारेवर पाठवायचं, यात ते अडकतं. पिंग करायचा तर मागच्या एखाद्या संगणकावरून समोरच्या सर्व्हरला करा. राउटरवरून केला तर सोर्स म्हणून १०.१०.०.१ द्यावा लागेल, उत्तर मात्र सेवाच्या इंटरफेसवर कार्यालयाच्या पत्त्यासाठी येणार, म्हणजे तीच अडचण उलट बाजूने. पिंग अयशस्वी आणि प्रत्यक्ष वाहतूक सुरळीत, असं इथे सर्रास दिसतं.

स्विचचं कारण साधं आहे. राउट बीजीपीतून कार्यालयाच्या टेबलात आला, पण ओएसपीएफला तो कोणी दिला नाही.

```
राउटर ओएसपीएफ १० व्हीआरएफ कार्यालय
 रीडिस्ट्रिब्यूट बीजीपी ६५००० सबनेट्स
 डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट
```

‘सबनेट्स’ लिहा, जुन्या आवृत्तींत ते नसेल तर फक्त वर्गवार जाळी जातात आणि तुमचा /२४ गळतो. डिफॉल्ट राउट इथेही आपोआप येत नाही, म्हणून शेवटची ओळ.

एवढं करून स्विचच्या ओएसपीएफ डेटाबेसमध्ये एलएसए (ओएसपीएफची राउटची नोंद) दिसला पण राउटिंग टेबलात राउट आला नाही, तर स्विचवरचा ओएसपीएफही व्हीआरएफमध्ये आहे का ते पाहा. व्हीआरएफमधला ओएसपीएफ स्वतःला एमपीएलएसच्या जाळ्यातला पीई (पुरवठादाराच्या काठावरचा) राउटर समजतो. बीजीपीतून आलेल्या राउटवर तो डीएन बिट लावतो, आणि असा बिट लावलेला एलएसए दुसऱ्या व्हीआरएफमधल्या ओएसपीएफने पाहिला की तो हिशेबात घेत नाही. वळसा घालून लूप होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे (आरएफसी ४५७६). शिवाय राउटला आपोआप टॅग लागतो. एएस (बीजीपीचा क्रमांक) ६५००० साठी तो ३४८९७२५९२८ असा दिसेल, बिघडलाय असं समजू नका. उपाय स्विचवर:

```
राउटर ओएसपीएफ १० व्हीआरएफ कार्यालय
 कॅपॅबिलिटी व्हीआरएफ-लाइट
```

ही ओळ लीक करणाऱ्या राउटरवर नाही, राउट स्वीकारणाऱ्या स्विचवर द्यायची. आणि उद्या दुसरा राउटर जोडीला आला तर विचार करून द्या. दोन्ही राउटर ओएसपीएफ ते बीजीपी आणि बीजीपी ते ओएसपीएफ असं दुतर्फा वाटप करत असतील, तर एकाने कार्यालयात ओतलेला १०.९९.०.० दुसरा ‘कार्यालयाचा राउट’ म्हणून सेवाकडे परत पाठवू शकतो. डीएन बिट हेच थोपवत असतो. तो बाजूला सारलात तर ओएसपीएफमधून बीजीपीत घेताना त्या टॅगचे राउट नाकारणारा राउट-मॅप लावायलाच हवा.

दोनओळी

संगणक आणि रेकॉर्डर यांचं. बीजीपी आता आहेच, तर तेच वापरू. पण टेबलात १०.१०.५.०/२४ आहे, १०.१०.५.२०/३२ नाही, आणि बीजीपी नसलेला राउट बनवून देत नाही. आधी /३२ जन्माला घाला:

```
आयपी राउट व्हीआरएफ कार्यालय १०.१०.५.२० २५५.२५५.२५५.२५५ १०.१०.०.२
आयपी राउट व्हीआरएफ कॅमेरे १०.२०.१.५० २५५.२५५.२५५.२५५ गिगाबिटइथरनेट०/०/१
```

दोन्हीकडे ‘रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक राउट-मॅप फक्त-३२’, आणि त्या राउट-मॅपमध्ये हे दोनच पत्ते, म्हणजे नल राउट मागे राहतात. मग खास शिक्का:

```
आयपी प्रीफिक्स-लिस्ट रेकॉर्डर परमिट १०.२०.१.५०/३२
राउट-मॅप कॅमेरे-बाहेर परमिट १०
 मॅच आयपी अ‍ॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट रेकॉर्डर
 सेट एक्स्टकम्युनिटी आरटी ६५०००:२१ अ‍ॅडिटिव्ह
व्हीआरएफ डेफिनिशन कॅमेरे
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४
  एक्स्पोर्ट मॅप कॅमेरे-बाहेर
  राउट-टार्गेट इम्पोर्ट ६५०००:११
```

कार्यालयात याचं प्रतिबिंब: १०.१०.५.२०/३२ ला ६५०००:११ चा शिक्का, आणि इम्पोर्टमध्ये ६५०००:२१ ची भर.

‘अ‍ॅडिटिव्ह’ विसरलात तर नवा शिक्का जुन्याची जागा घेतो. तुमच्याकडे सेवाला /२४ मिळतोच, त्यामुळे चूक दिसणारही नाही. जिथे तो एकच प्रीफिक्स असतो तिथे सेवा बंद पडते. आयओएसमधला एक्स्पोर्ट मॅप गाळणी नाही: मॅपमध्ये न बसलेले राउटही नेहमीच्या आरटीसह बाहेर जातात. गाळायचं असेल तर घेणाऱ्या बाजूला इम्पोर्ट मॅप. तिथे मात्र आरटी जुळायला हवा आणि मॅपमध्येही बसायला हवं, आणि न बसलेलं सगळं नाकारलं जातं.

पॅकेटमार

यानंतर कार्यालयातल्या प्रत्येक संगणकाची पॅकेटं रेकॉर्डरपर्यंत जातील हे ध्यानात ठेवा. १०.२०.१.५०/३२ हा राउट अख्ख्या कार्यालय व्हीआरएफला मिळाला आहे, एकट्या .५.२० ला नाही. बाकीच्यांना उत्तर मिळणार नाही, कारण कॅमेऱ्यांकडे १०.१०.०.०/१६ नलकडे आहे. पण एकतर्फी यूडीपीचा मारा करायला उत्तर लागत नाही. राउट लीक म्हणजे फायरवॉल नव्हे. कॅमेऱ्यांच्या इंटरफेसवर बाहेरच्या दिशेने अ‍ॅक्सेस-लिस्ट लावा: १०.१०.५.२० वरून १०.२०.१.५० कडे टीसीपी ५५४ आणि ४४३ परमिट, मग १०.१०.०.०/१६ वरून येणारं बाकी सगळं डिनाय, मग उरलेलं परमिट. ५५४ हा आरटीएसपीचा पोर्ट. तुमच्या रेकॉर्डरचं दर्शक सॉफ्टवेअर स्वतःचा वेगळा पोर्ट वापरत असेल तर तोही लागेल.

उपनेट

वेगळं यंत्र असलेल्यांसाठी थोडं. डिफॉल्ट राउटचं जे भोक वर सांगितलं, ते जुनिपर आणि लिनक्सवर आणखी मोठं आहे.

सिस्कोवर लीक झालेल्या राउटचा नेक्स्ट-हॉप आणि इंटरफेस आधीच ठरलेला असतो, दुसऱ्या टेबलात पुन्हा शोध होत नाही. म्हणून वरच्या उदाहरणात पॅकेटला निदान फायरवॉलपर्यंत जाऊन यावं लागलं. जुनॉसमध्ये स्टॅटिकला ‘नेक्स्ट-टेबल सेवा.आयनेट.०’ दिलं, की पॅकेटचा शोध सेवाच्या टेबलात नव्याने सुरू होतो. तिथे कॅमेऱ्यांचा राउट आहे. पॅकेट फायरवॉल न पाहताच थेट कॅमेऱ्यांकडे! लिनक्सवर ‘आयपी राउट अ‍ॅड डिफॉल्ट डेव्ह सेवा व्हीआरएफ कार्यालय’ असं व्हीआरएफच्याच डिव्हाइसकडे बोट दाखवलं तर तेच होतं. या दोन्हींवर नल राउट, जुनॉसच्या भाषेत ‘डिस्कार्ड’ आणि लिनक्सवर ‘ब्लॅकहोल’, ही ऐच्छिक गोष्ट नाही.

नेक्स्ट-टेबल दोन्ही दिशांनी लावता येत नाही. अ कडून ब आणि ब कडून अ असं दिलं की लूप होऊ शकेल म्हणून कमिटच नाकारलं जातं. परतीसाठी रिब-ग्रुप किंवा इन्स्टन्स-इम्पोर्ट वापरा. रिब-ग्रुपमध्ये ‘इम्पोर्ट-रिब’ च्या यादीतलं पहिलं टेबल मूळचं असतं, क्रम उलटा झाला तर चालत नाही. इन्स्टन्सचा प्रकार ‘व्हीआरएफ’ असेल आणि व्हीआरएफ-टार्गेट दिलेलं असेल, तर एकाच राउटरवर ‘ऑटो-एक्स्पोर्ट’ ही एकच ओळ पुरते; ‘व्हर्च्युअल-राउटर’ प्रकारात आरडी आणि टार्गेट नसतातच.

एफआरआर या मोफत राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘इम्पोर्ट व्हीआरएफ सेवा’ एवढं लिहिलं की आरडी आणि आरटी तो स्वतःच बनवतो. त्याच व्हीआरएफमध्ये ‘आरडी व्हीपीएन एक्स्पोर्ट’ किंवा ‘आरटी व्हीपीएन’ हाताने लिहिलं असेल तर दोन्ही एकत्र चालत नाहीत, एक निवडा. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये गेटवे ‘१०.९९.०.१@सेवा’ असा लिहिला की नेक्स्ट-हॉप त्या टेबलात शोधला जातो.

जाळेकरी

स्विचवर कॅपॅबिलिटीची ओळ दिल्यावर १०.९९.०.० आला. /३२ आणि अ‍ॅक्सेस-लिस्ट लावून रेकॉर्डर दिसतोय, बाकीच्यांना नाही. आता डीएचसीपी सर्व्हरही १०.९९.०.१० वर न्यायचा विचार आहे. कॅमेऱ्यांच्या इंटरफेसवर हेल्पर-अ‍ॅड्रेस दिला तर राउट आहेतच, चालायला हवं ना?

टेबलवाचक

नुसत्या हेल्परने बऱ्याच ठिकाणी अडतं, आणि कारण पिंगचंच आहे. रिले करताना राउटर आपला कॅमेरे इंटरफेसचा पत्ता, समजा १०.२०.१.१, जीआयअ‍ॅडरमध्ये, म्हणजे रिलेचा पत्ता सांगणाऱ्या डीएचसीपीच्या रकान्यात, घालतो. सर्व्हर ऑफर त्याच पत्त्याला पाठवतो. ती येते सेवाच्या इंटरफेसवर, आणि पत्ता राउटरचा स्वतःचा असला तरी दुसऱ्या व्हीआरएफमधला. सर्व्हरच्या लॉगमध्ये ऑफर गेलेली दिसते, कॅमेऱ्याला काहीच मिळत नाही.

इंटरफेसवर ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस व्हीआरएफ सेवा १०.९९.०.१०’ असं लिहा, आणि ग्लोबलमध्ये ‘आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ऑप्शन व्हीपीएन’. मग राउटर सेवामधल्या पत्त्यावरून सर्व्हरशी बोलतो आणि मूळ सबनेट कोणता हे ऑप्शन ८२ (रिलेने जोडलेली जादा माहिती) च्या आत सांगतो. सर्व्हरला ते उपपर्याय, विशेषतः लिंक-सिलेक्शन, समजले पाहिजेत, नाहीतर तो १०.९९.०.० च्याच पूलमधला पत्ता वाटेल किंवा गप्प राहील. तसा सर्व्हर नसेल तर कॅमेऱ्यांसाठी राउटरवरच पूल ठेवा, त्यात ‘व्हीआरएफ कॅमेरे’ ही ओळ घालून. एका /२४ साठी तेच कमी कटकटीचं आहे.